नाडीवरचा बिनतारी पहारा



मोठ्या इस्पितळात एखाद्या नातलगाला भेटायला गेला असाल, तर खाटेच्या उशाशी ठेवलेला एक लहानसा पडदा तुम्ही पाहिला असेल. त्यावर एक हिरवी रेघ धावत असते; मध्येच टोक काढते, खाली येते, पुन्हा टोक काढते. कडेला दोन-चार आकडे बदलत असतात आणि 'पीक् पीक्' असा बारीक आवाज चालू असतो. या यंत्राला मॉनिटर म्हणतात. आपल्याकडे त्याला सरसकट 'हार्टचं मशीन' म्हणतात. तसे ते हृदयाबरोबर श्वास, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायूही मोजते, पण नावाला हरकत घेण्याचे कारण नाही.

या पडद्याच्या आयुष्यात एक अगदी लहान प्रसंग वारंवार येतो. रोग्याला हलवायचे असते. शस्त्रक्रिया झाली, आता अतिदक्षता विभागात न्यायचे. किंवा वॉर्डातून खाली तपासणीसाठी न्यायचे. खाटेजवळचा पडदा भिंतीला जखडलेला असतो, तो काही बरोबर येत नाही. म्हणजे एक पडदा सोडायचा आणि दुसरा धरायचा. हे काम काही सेकंदांचे, पण त्या सेकंदांत रोग्यावर पहारा कुणाचा? आजचा विषय तो आहे.

यात एवढे काय मोठे, असे कुणी म्हणेल. तर हिशेब पाहा. हृदय नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागले, तर रक्त पुढे जात नाही. मेंदूला रक्त मिळाले नाही, की चार ते सहा मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. अशा वेळी विजेचा झटका देऊन हृदय ठिकाणावर आणता येते. पण झटका द्यायला जितका उशीर होईल, तितकी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची प्रकृती बिघडायची असेल, तर ती आपल्या सोयीची वेळ पाहून बिघडत नाही. लिफ्टमध्येही बिघडते.

आता थोडे मागे जाऊ. हृदयाचे ठोके दुरून पाहण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइन्टहोव्हन नावाचे शास्त्रज्ञ होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगात जी सूक्ष्म वीज उठते, ती कागदावर रेखाटण्याचे यंत्र त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनवले. ही वीज त्वचेवर मोजली तर एका व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी भरते. ती पकडणारे यंत्र मात्र सुमारे २७० किलो वजनाचे होते! रोग्याने मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत हातपाय बुडवून बसायचे. आता हे धूड इस्पितळात कसे न्यायचे? आइन्टहोव्हन यांनी तोड काढली. यंत्र प्रयोगशाळेतच ठेवले, रोगी इस्पितळातच ठेवला, आणि दोहोंमध्ये टेलिफोनची तार जोडली. १९०५ साली सुमारे दीड किलोमीटरवरून हृदयाची रेघ या तारेवरून प्रयोगशाळेत आली. १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

तार काढून टाकण्याचे काम पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी केले. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी ठोक्यांची रेघ रेडिओलहरींवरून पाठवून दाखवली. त्यासाठी माणसाच्या पाठीवर जे ओझे बांधावे लागे, त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो. धान्याचे पोते पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाचे हृदय तपासण्यासारखाच तो प्रकार! आज तेच काम छातीला चिकटवलेली एक चकती करते. बोटाला लावायचा चिमटाही बिनतारी आला आहे. या चिमट्यात एक तांबडा प्रकाश असतो आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. प्राणवायू घेतलेले रक्त आणि न घेतलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात, त्यावरून हिशेब निघतो. ही युक्ती १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. करोनाच्या साथीत हा चिमटा आपल्या आशाताई घरोघर घेऊन फिरल्या, तेव्हा त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

तारा गेल्या म्हणजे रोग्याला मोकळेपणा आला. कूस बदलता येते, चालता येते. पण तारेचा एक गुण होता, तोही तिच्याबरोबर गेला. तार कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसते. खाट क्रमांक चारची तार खाट क्रमांक चारच्याच मशीनला जाणार. लहरींचे तसे नाही. आपले हे भाषण जसे एकाच वेळी हजार घरांत जाते, तशी त्या चकतीची लहर शेजारच्या खोलीतही जाते, ओसरीवरही जाते. ती कुणी ऐकायची, कुणाच्या नावावर मांडायची, हे ठरवून द्यावे लागते. म्हणून पहिल्यानेच चकतीची आणि पडद्याची जोडी लावतात. जोडीचे ते गुपित एकदा ठरले, की तो पडदा फक्त त्याच चकतीचे ऐकतो.

चकती पाठवते तरी काय? ती हृदयाची वीज सेकंदाला, समजा, २५० वेळा मोजते. (काही यंत्रे याच्या दुप्पटही मोजतात.) मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे २०० मापे येतात; म्हणून पडद्यावरची रेघ इतकी सुबक दिसते. ही मापे सुटी सुटी न पाठवता त्यांची लहान लहान पुडकी बांधतात. प्रत्येक पुडक्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: त्याचा अनुक्रमांक, आणि ते कोणत्या वेळेचे आहे ती वेळ. पोस्टातल्या रजिस्टरावर जसा नंबर आणि तारखेचा शिक्का असतो तसेच. ४०१ नंतर एकदम ४०३ आले, तर मधले एक हरवले, हे पडद्याला कळते आणि तो ते पुन्हा मागतो. चकतीने आपल्याजवळ शेवटच्या काही पुडक्यांची नक्कल ठेवलेली असते, त्यातून ती ते पुन्हा पाठवते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायचे कसे?

सोपी रीत अशी, की जुन्याची जोडी तोडायची आणि नव्याची जोडायची. पण जोडी लागायला वेळ लागतो. नव्या पडद्याने चकती शोधायची, तिने ओळख पटवायची, मग मापे सुरू व्हायची. तेवढा वेळ रोगी कुणाच्याच नजरेत नसतो.

शेतात दारे धरणाऱ्या माणसाला विचारा, तो तुम्हाला बरी रीत सांगेल. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात न्यायचे असते, तेव्हा तो आधी भरलेल्या वाफ्याचे तोंड बुजवून मग पुढचे उघडत नाही. तसे केले तर मधल्या वेळात पाणी तुंबते आणि पाट फुटतो. तो आधी पुढच्या वाफ्याचे दार मोडतो, आणि तिथली खोऱ्यात आलेली माती मागच्या वाफ्याच्या तोंडावर टाकतो. क्षणभर दोन्ही वाफ्यांत पाणी असते. धार मात्र कुठेच थांबत नाही. बिनतारी पहाऱ्याची चांगली योजना अगदी अशीच असते. जुना पडदा ऐकत असतानाच नवा पडदा ऐकू लागतो. दोन्हींवर तीच रेघ धावू लागते. नव्याकडे आलेल्या पुडक्यांचे अनुक्रमांक सलग आहेत, हे पाहून झाले की मगच जुन्याचे दार बुजवायचे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे वर्गात करून दाखवता येईल. खर्च काही नाही, सेकंदकाटा असलेले एक घड्याळ हवे. एका मुलाला बाकावर बसवा. दुसऱ्याने त्याच्या डाव्या मनगटावरची नाडी मोजायला घ्यावी. अर्ध्या मिनिटाने त्याने बोटे उचलावीत, आणि मग तिसऱ्याने येऊन नाडी शोधून मोजणी पुढे चालवावी. नाडी सापडायला पाच सेकंद लागले, तरी सहा ठोके गेलेच. आता दुसरी रीत करा. तिसऱ्या मुलाने आधीच उजव्या मनगटावर नाडी धरून ठेवावी आणि पहिल्याच्या बरोबरीने मनात मोजत राहावे. पहिल्याने ठोक्यासरशी मोठ्याने 'चाळीस' म्हणावे, पुढच्या ठोक्याला तिसऱ्याने 'एकेचाळीस' म्हणावे. एकही ठोका हुकत नाही. मुलांना यातली गंमत लगेच कळते, आणि नाडी मोजायला येते हा वरचा लाभ.

पण रेघ सलग राहिली म्हणजे सगळे झाले असे नाही. माझ्या मते खरी अडचण रेघेत नाहीच. ती धोक्याच्या घंटेत आहे.

मॉनिटरचे अर्धे काम दाखवण्याचे आणि अर्धे ओरडण्याचे. ठोके फार वाढले, फार घटले, प्राणवायू खाली आला, की त्याने घंटा वाजवायची. नर्स काही चोवीस तास पडद्याकडे टक लावून बसत नाही, बसूही शकत नाही. तेव्हा पडदे बदलताना एक प्रश्न येतो: या घटकेला ओरडण्याची जबाबदारी कुणाची? जुना म्हणाला, मी तर सोपवले. नवा म्हणाला, मला अजून मिळायचे आहे. तर पडदे दोन असून घंटा एकही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, ती गत.

यावर पूर्वीच्या रेल्वेने काढलेला तोडगा आठवतो. एकेरी रुळाच्या मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती एक लोखंडी गोळा देत असत. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी त्या टप्प्यात जाणार. घंटेच्या जबाबदारीचाही असा एक गोळा असतो असे समजा. नव्या पडद्याने 'मिळाला' अशी पोच देईपर्यंत तो जुन्याकडेच राहतो. मात्र रेल्वेत आणि इथे एक फरक आहे, तो ध्यानात घ्या. रेल्वेत शंका आली तर कुणीच जायचे नाही. इथे शंका आली तर दोघांनीही ओरडायचे. दोन घंटा वाजल्या तर कटकट होते. एकही न वाजली तर काय होते, ते मघाशी सांगितले.

गोळ्याबरोबर आणखी एक सामान जावे लागते, आणि तेच बहुधा मागे राहते. घंटा कोणत्या आकड्याला वाजवायची, ती मर्यादा. सर्वसाधारण माणसाच्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर असते. पण वर्षानुवर्षे धुराने किंवा विडीने फुप्फुसे झिजलेल्या काही दमेकऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर ते मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. फार प्राणवायू दिला तर अशा रोग्याला अपायच होतो. आता जुन्या पडद्यावर डॉक्टरांनी ही मर्यादा लावून दिली होती, आणि नव्या पडद्याने आपली कारखान्यातली ठराविक मर्यादा धरली, तर तो ९० आकड्याला उगाच बोंब मारत बसेल. चार वेळा उगाच वाजलेली घंटा पाचव्यांदा कुणी मनावर घेत नाही. लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखीच नर्सही माणूसच आहे. म्हणून रेघेबरोबर रोग्याचे नाव, त्याच्या मर्यादा आणि आतापर्यंतचा लेखाजोखा, सगळे बिऱ्हाड हलले पाहिजे.

मधल्या वेळात थोडी पुडकी हरवलीच, तर? चकतीजवळ नकला असतात, त्या मागाहून आणून भोक बुजवता येते. कागदोपत्री हे फार छान दिसते. पण त्यात एक मेख आहे. दहा सेकंदांपूर्वीची रेघ आत्ताची म्हणून दाखवली, तर डॉक्टर भूतकाळ पाहून वर्तमानाचा निर्णय घेतील. तेव्हा मागाहून आलेली मापे त्यांच्या त्यांच्या वेळेवरच मांडायची, आणि त्यासाठी चकतीचे, जुन्या पडद्याचे आणि नव्या पडद्याचे घड्याळ जुळलेले पाहिजे. आणि जे हरवलेच, तिथे रेघ कोरी सोडायची किंवा तुटक दाखवायची. सपाट रेघ काढायची नाही! सपाट रेघेचा अर्थ हृदय थांबले असा होतो. तुटक रेघेचा अर्थ मला ऐकू येत नाही, असा. 'ठोका नाही' आणि 'बातमी नाही' यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

एस. टी.तून जाताना मोबाइलवर बोलत असलात, तर तुमचे बोलणे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर आपोआप जाते. फार तर क्षणभर 'हॅलो हॅलो' करावे लागते. मग रोग्याची चकतीही जवळचा पडदा पाहून आपोआप का जात नाही? कारण टॉवर कोणता, याने तुम्हाला फरक पडत नाही. पडदा कोणता, याने रोग्याला पडतो. जवळात जवळचा पडदा शेजारच्या रोग्याचा असू शकतो. शिवाय स्ट्रेचर दाराच्या उंबरठ्यावर थांबले, तर दोन्हीकडची लहर सारखीच जोरकस. चकती घटकेत इकडे, घटकेत तिकडे, अशी टिपरीसारखी उड्या मारू लागेल. म्हणून नवी लहर स्पष्टपणे आणि काही काळ जोरकस राहिली तरच हलायचे, असा नियम यंत्राला घालून देतात, आणि वर माणसाची संमती ठेवतात. नर्सने रोग्याच्या मनगटावरच्या पट्टीवरचे नाव पाहायचे, पडद्यावरचे नाव पाहायचे, मग कळ दाबायची. यंत्राला ही अक्कल आपोआप यावी असे काहींना वाटते. मला ती कळ राहावी असे वाटते.

लिफ्टचा उल्लेख मघाशी आला. लिफ्ट म्हणजे चारी बाजूंनी लोखंडी पेटी. रेडिओलहर तिच्यातून नीट बाहेर पडत नाही. वॉर्डातल्या पडद्याला त्या वेळी काही ऐकू येत नाही, म्हणून रोग्याच्या पायथ्याशी ठेवता येईल असा लहान पडदा बरोबर द्यावाच लागतो. काही कंपन्यांनी यावर एक नामी युक्ती काढली आहे (कंपन्यांची नावे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे). खाटेजवळच्या मोठ्या मॉनिटरच्या खोबणीतच एक तळहाताएवढे यंत्र बसवलेले असते. मोजण्याचे काम मुळात तेच करते, मोठा पडदा नुसता दाखवतो. रोगी निघाला की ते खोबणीतून काढून बरोबर घ्यायचे. त्याला स्वतःचा लहान पडदा असतो आणि स्वतःची बॅटरी असते. पोचल्यावर तिथल्या खोबणीत बसवले, की सगळा लेखाजोखा तिथल्या मोठ्या पडद्यावर येतो. मोजणारा बदलतच नाही, म्हणून सोपवासोपवी थोडकी.

लहरींचे आणखी एक दुखणे म्हणजे गर्दी. अमेरिकेत डॅलस शहरी १९९८ मध्ये एका दूरचित्रवाणी केंद्राने नवे डिजिटल प्रक्षेपण चाचणीसाठी सुरू केले, आणि त्याच शहरातल्या एका मोठ्या इस्पितळातले बिनतारी हृदय-मॉनिटर एकाएकी मुके झाले. दोघेही एकाच लहरीवर होते! इस्पितळाने आजवर रिकामी म्हणून वापरलेली ती जागा आता केंद्राने घेतली होती. कारण कळताच केंद्राने प्रक्षेपण थांबवले. सुदैवाने कुणा रोग्याला इजा झाली नाही. पण धडा सर्वांनी घेतला, आणि २००० साली तिथल्या दळणवळण आयोगाने अशा यंत्रांसाठी लहरींचे काही पट्टे राखून ठेवले. आजची पुष्कळशी लहान यंत्रे मात्र ब्लूटूथसारख्या सर्वांसाठी खुल्या पट्ट्यात बोलतात. ब्लूटूथची मूळ तऱ्हा अशी, की ७९ लहरींच्या वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत बोलायचे. एका वाटेवर गर्दी असली तर पुढच्या वाटेवर निभावते. अशा उड्या मारण्याच्या एका योजनेचे पेटंट १९४२ साली हेडी लमार या सिनेनटीने आणि जॉर्ज अँथेल या संगीतकाराने मिळून घेतले होते, हे आपले जाता जाता.

आपल्याकडे २०१४ पासून '१०८' ची रुग्णवाहिका खेड्यापाड्यांत येते. तिच्यातून रोगी जिल्ह्याच्या इस्पितळात उतरतो, तेव्हाही पहारा बदलतोच. तिथे दोन्हीकडची यंत्रे निरनिराळ्या घडणीची असली तर ती एकमेकांशी बोलत नाहीत; चिमटा काढून दुसरा लावावा लागतो. मग वाफ्याचा नियम माणसांनी पाळायचा. इस्पितळाचा चिमटा दुसऱ्या हाताच्या बोटाला आधी लावायचा, आकडा स्थिर झाला की रुग्णवाहिकेचा काढायचा. तोवर एकाचे बोट नाडीवर आणि नजर रोग्याच्या छातीकडे. आणि बरोबरच्या मंडळींनी 'आता आलोच की इस्पितळात' म्हणून रोग्याच्या बोटाचा चिमटा आपणच काढून ठेवू नये. मायेपोटी हे पुष्कळ जण करतात. नखाला गडद रंग किंवा मेंदी असेल तर ते मात्र नर्सला सांगावे. त्याने प्रकाश अडतो आणि आकडा चुकू शकतो.

राहिला जुना पडदा. रोगी गेला, खाट रिकामी झाली, नव्या पडद्याने पोच दिली. आता जुन्याने 'रोगी सोपवला' असे दाखवून गप्प बसायचे आणि त्या रोग्याचे नाव, मर्यादा, जोडीचे गुपित, सारे पुसून टाकायचे. हे पुसणे नर्सने आठवणीने करायचे काम आहे, आणि घाईत तेच राहून जाते. राहिले, तर तासाभराने त्याच खाटेवर आलेल्या दुसऱ्या माणसाचे ठोके पहिल्याच्या नावावर जमा होत राहतात.